शाल-श्रीफळाआधी स्कोअरबुक काढा

पुण्यात कुठल्याही संध्याकाळी एखाद्या सभागृहात डोकावलं तर कुणाचा ना कुणाचा सत्कार चाललेला असतोच. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि मग 'यांच्याविषयी बोलावं तेवढं थोडंच आहे' हे वाक्य. ते वाक्य कानावर आलं की खुशाल समजावं, वक्त्याला सत्कारमूर्तींविषयी काडीची माहिती नाही.

मी क्लब क्रिकेटची स्कोअरर. बँकेतून निवृत्त झाले, स्कोअरबुकातून नाही. मैदानावरची पोरं मला स्कोअरर काकू म्हणतात. त्यांचे बापही काकूच म्हणतात, आणि त्यातले बरेच जण माझ्या वहीत भोपळा न फोडताच परत गेलेले आहेत. आमच्या रविवारच्या साखळीत सत्कार ठरवायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं हंगाम संपत आला की कुठल्यातरी क्लबचा चिटणीस फोन करतो, 'काकू, आमच्या अमुक काकांचा सत्कार करायचाय, काय काय लागतं?' प्रत्येकाला तेच पुराण सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

कसोटीपटूंबद्दल हे नाही. त्यांच्यासाठी मंडळं आहेत, सरकार आहे, शिवछत्रपती पुरस्कार आहे. मी बोलतेय ती खालच्या पायरीवरच्या लोकांबद्दल. ज्यांनी निमंत्रितांच्या साखळीत, कंपन्यांच्या स्पर्धांत, मॅट अंथरलेल्या खेळपट्टीवर जन्म काढला, खेळून नाहीतर खेळवून, आणि ज्यांचं नाव मोबाइलवर शोधलं तर त्याच नावाचा कुणी इस्टेट एजंट सापडतो.

कुणाचा करायचा

इथंच निम्मे सत्कार फसतात, कारण नाव सुचवणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा 'आपल्यातून वर गेलेला' खेळाडू येतो. एखादा पोरगा आपल्या क्लबकडून दोन हंगाम खेळला, पुढं रणजीत गेला, की झालं, बोलवा त्याला. तो बिचारा येतोही. पण त्याचा मान सगळं जग करतंय, आपण रांगेत शेवटचे.

माझा मुलगा नॉर्थ कॅरोलायनात असतो, डरॅमच्या जवळ. तिकडं गेले की मी बेसबॉलच्या मैदानावर जाऊन बसते. घरात बसून करायचं काय, आणि आकडे लिहायचा खेळ असला की मला भाषा लागत नाही. डरॅम बुल्स हा मायनर लीगचा संघ. अमेरिकेत वर मेजर लीगचे ३० संघ, आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार, असे खाली १२०. खेळाडू पायरी पायरीनं वर चढतो, निदान तशी आशा धरून असतो. बहुतेकांचा प्रवास मध्येच कुठंतरी संपतो. पण ज्या गावात तो संपतो, त्या गावाला तो माणूस ठाऊक असतो. (डरॅमच्या मैदानाच्या भिंतीवर एक मोठा बैल आहे. चेंडू बैलाला लागला तर फलंदाजाला मांसाचा स्टेक, खालच्या गवताला लागला तर सॅलड. मी सामनाभर गवताच्या बाजूनं होते.)

डरॅमनं 'जो मॉर्गन' नावाच्या खेळाडूचा १८ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो शर्ट पुन्हा कुणी घालायचा नाही. मॉर्गन तिथं खेळला १९६३ साली, नंबर निवृत्त झाला १९९३ साली. मधल्या तीस वर्षांत तो सिनसिनाटीत जाऊन मोठा झाला आणि हॉल ऑफ फेममध्येही, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीतही, गेला. चांगलंच आहे. पण मला विचाराल तर टोलिडोचा माइक हेसमन जास्त आपला. हा गडी मेजर लीगमध्ये सगळे मिळून १०९ सामने खेळला. मायनर लीगमध्ये मात्र वर्षानुवर्षं बसनं हिंडत राहिला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्यानं ४३३ वा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा सीमेपार फटका, मारला. अमेरिकेतल्या मायनर लीगमधला बझ आर्लेटचा ४३२ चा जुना विक्रम त्यानं मागं टाकला, आणि तोही तिन्ही बेसवर माणसं उभी असताना, म्हणजे एका फटक्यात चार धावा. वर जायला न मिळणं हे त्याचं दुर्दैव असेल, पण खालीच इतकी वर्षं टिकून राहणं हा त्याचा पराक्रम. सत्कार या पराक्रमाचा करायचा असतो.

आपल्याकडं असं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ ची भागी. समोर ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम, आणि खेळ थांबलेला असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे संस्थानिक ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासह निघून गेले. विक्रमाला दहा धावा हव्या होत्या. निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पण प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वांत मोठी खेळी आजही तीच.

तेव्हा नाव निवडताना 'हा कुठपर्यंत पोचला' हे विचारू नका. 'हा नसता तर आपल्या मैदानावर काय झालं नसतं' हे विचारा. या प्रश्नाचं उत्तर कधी खेळाडू असतो, कधी पंच, कधी मॅट ताणणारा. मायनर लीगवाल्यांच्या हिवाळी बैठकीत १९५१ पासून 'किंग ऑफ बेसबॉल' निवडायचे. बहुतेक वेळा तो पडद्यामागचा माणूस असायचा, आयुष्य त्या खेळाच्या कारभारात घालवलेला. त्याला खरोखर मुकुट आणि राजाचा झगा घालून उभा करत. थोडं नाटकी वाटतं, पण पुणेरी पगडी घालून फोटो काढणाऱ्या आपण त्यांना हसू नये.

मोठी कारकीर्द नसली तरी चालतं, हेही सांगून ठेवते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं. बेसबॉल कधी पाहिलेलं नव्हतं. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं आणि पुढच्या वर्षी ती मायनर लीगच्या अगदी तळाच्या पायरीवर खेळली. मेजर लीग कुणालाच मिळाली नाही. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि 'पहिला' हे सत्काराला पुरेसं कारण आहे. तुमच्या साखळीत पुरुषांच्या संघातून उतरलेली पहिली मुलगी कोण? नाव आठवत नसेल तर आधी ते शोधा.

पुरावा गोळा करणं

आता माझ्या प्रांतात आलात.

सत्कारमूर्तींबद्दल किमान तीन गोष्टी अशा हव्यात की ज्या दुसऱ्या कुणाबद्दलही म्हणता येणार नाहीत. 'मनमिळाऊ', 'खेळावर निस्सीम प्रेम', 'शिस्तप्रिय' हे शब्द कुणालाही लावता येतात, म्हणून ते बाद. मग या तीन गोष्टी आणायच्या कुठून? क्लबच्या कपाटातून. जुनी स्कोअरबुकं बहुतेक वेळा फुटक्या स्टंपांच्या आणि उसवलेल्या पॅडांच्या खाली असतात. कसर लागलेली असते, पानं चिकटलेली असतात. ती ओढून काढू नका, एका वेळी एकच पान हलक्या हातानं सोडवा आणि लगेच मोबाइलवर फोटो घ्या. ओल लागलेली वही उन्हात पसरू नका, पंख्याखाली ठेवा.

एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या सत्काराच्या वेळी मी अशीच एक वही उघडली होती. हे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळी करून थेट मैदानावर यायचे. स्कोअरबुकात एका षटकाला एक चौकोन असतो. धाव गेली नाही तर टिंब. सहाही चेंडू कोरे गेले तर ती सहा टिंबं रेघांनी जोडून इंग्रजी एम करतात, म्हणजे मेडन, निर्धाव. त्यातच विकेट पडली तर रेघा उलट्या, आणि होतो डब्ल्यू. त्या पानावर काकांच्या नावापुढं चौकोनांची रांग होती आणि त्यात एम, एम, टिंबं आणि एक धाव, एम, डब्ल्यू, एम. शाई उडालेली, पण रेघा ठळक होत्या. लिहिणारा कुणी माझ्याआधीचा स्कोअरर असणार, तिसऱ्या एमपासून त्याचा हात जोरानं दाबला गेलाय हे कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी कळत होतं. ते एक पान मोठं करून छापलं आणि मैदानावर लावलं. भाषणाची गरजच उरली नाही. क्रिकेट कळणारा प्रत्येक माणूस त्यासमोर थांबून चौकोन मोजत होता.

वही सापडली नाही तर? जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली जिथं आहेत अशा ग्रंथालयात जा. स्थानिक सामन्यांचे निकाल पूर्वी चार ओळींत का होईना, छापून यायचे. महिना आणि साल हातात असल्याशिवाय जाऊ नका, नाहीतर दिवस जाईल आणि तुम्ही नाटकांच्या जाहिराती वाचत बसाल. तेही नाही जमलं तर प्रतिस्पर्ध्यांना विचारा. मित्र कौतुक करतात, प्रतिस्पर्ध्याला नेमका चेंडू आठवतो. मात्र तोंडी ऐकलेला आकडा दोघांकडून स्वतंत्रपणे आल्याशिवाय मानपत्रात घालायचा नाही. आपल्याकडं प्रत्येक मैदानावर एक तरी षटकार असा असतो जो दर वर्षी दहा यार्ड लांब जातो.

आणि हो, एका दिवसाच्या कामगिरीवरही सत्कार होऊ शकतो. २ एप्रिल १९३१ ला चॅटनूगा लुकआउट्स या मायनर लीग संघाकडून जॅकी मिचेल या सतरा वर्षांच्या मुलीनं बेब रूथ आणि लू गेरिग या त्या काळच्या दोन बड्या फलंदाजांना लागोपाठ स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडूला बॅट नीट लागू न देता बाद केलं. ते गर्दी जमवायला ठरवून केलेलं होतं का, यावर अजून वाद घालतात. घालू देत. स्कोअरकार्डात तसं लिहिलेलं आहे, आणि मी स्कोअरकार्डाच्या बाजूची आहे.

मानपत्र

दीडशे शब्द. जास्त नाही. कागद एका हातात धरून, उन्हात, चष्मा घामानं घसरत असताना वाचून होईल एवढंच.

क्लबच्या चिटणिसांकडून माझ्याकडं येणारा मसुदा साधारण असा असतो: 'क्रीडाक्षेत्रातील एक देदीप्यमान तारा, ज्यांनी आपल्या अथक परिश्रमांनी युवा पिढीसमोर आदर्श निर्माण केला...' हे मी सगळं खोडते. आमच्या मैदानावरच्या मामांसाठी, म्हणजे ज्यांनी जन्मभर खेळपट्टी राखली त्यांच्यासाठी, शेवटी हे गेलं:

'मामा, पहाटे आम्ही साखरझोपेत असताना तुम्ही मॅट ताणून खिळे ठोकलेले असायचे. फक्की तुम्ही दोरी न लावता मारलीत, आणि तुमची क्रीझ कधी वाकडी आली नाही. पाऊस कधी येणार हे तुम्ही सांगितलंत, आणि आम्ही वेधशाळेवर विश्वास ठेवला तेव्हा भिजलो. रोलरला हात लावायचा असेल तर आधी बूट पुसा, हे तुमचं वाक्य या मैदानावरच्या तीन पिढ्यांनी ऐकलं आहे. तुमच्या खेळपट्टीवर चेंडू उगाच उसळून कुणाचं तोंड फुटलं नाही. हा क्लब तुमचा ऋणी आहे.'

एवढंच. स्तुतीचं एकही विशेषण नाही, आणि मामांनी ते वाचून झाल्यावर 'दोरी एकदा लावली होती, फायनलला' अशी दुरुस्ती माइकवर सुचवली.

मजकूर आधी सत्कारमूर्तींच्या घरी कुणालातरी वाचून दाखवा. नावाची वेलांटी, सालं, कारखान्याचं नाव, सगळं तिथंच दुरुस्त होतं. बायकोला तर जरूर विचारा. सपत्नीक सत्काराला आपण वहिनींना बोलावतो, ओटी भरतो आणि त्यांच्याकडं माइक कधी देत नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मातीनं भरलेले पांढरे कपडे नीळ घालून पुढच्या रविवारी तयार ठेवले, तिच्याकडं सांगण्यासारखं खूप असतं. एका वहिनींनी मला सांगितलं होतं की नवरा हरून आला की जेवताना ताक मागायचा नाही. मी विचारून ते मानपत्रात घातलं.

कुठं आणि केव्हा

मैदानावर. सभागृहात नाही. सभागृहाचं भाडं द्यायचं, तिथं पन्नास खुर्च्या रिकाम्या, आणि ज्यांनी हा माणूस खेळताना पाहिला ते सगळे त्या वेळी मैदानावर सामना बघत असतात. मायनर लीगवाले सामन्याच्या आधी किंवा डावांच्या मध्ये, लोक तिथं असतानाच उरकतात. आपणही दोन डावांच्या मधली सुट्टी धरावी. दोन्ही संघ मैदानात ओळीनं उभे, मानपत्राचं वाचन, एकच भाषण, सत्कारमूर्तींचे दोन शब्द, टाळ्या. दहा मिनिटं. प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आभारप्रदर्शन अशी वरात काढायची असेल तर मला फोन करू नका.

भाषण कुणी करायचं? ज्याची दांडी त्यांनी उडवली त्यानं. पंचांचा सत्कार असेल तर ज्याला त्यांनी पायचीत दिलं आणि जो आजही 'लेगला जात होता' म्हणतो त्यानं. लोक कान देऊन ऐकतात, हसतात, आणि स्तुती खोटी वाटत नाही.

मोठे पाहुणे शक्यतो नकोत. एका वर्षी अशाच एका मान्यवरांची वाट बघत दोन्ही संघ पॅड बांधून बसले, दुसरा डाव अंधारात गेला आणि ज्यांचा सत्कार होता ते पंचच उजेडाचं कारण सांगून सामना थांबवायला उठले. प्रायोजकांचा सत्कार त्याच वेळी करायचा नाही, त्यांना वेगळी चहाची वेळ द्या. फ्लेक्स लावायचाच असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी काढा, आणि त्यावर सत्कारमूर्तींचा चेहरा बाकी सगळ्या चेहऱ्यांपेक्षा मोठा असू द्या. हे सांगावं लागतं म्हणून सांगतेय.

खुर्ची हा मुद्दा मी फार गंभीरपणे घेते. पळवणकर बाळू हे आपल्या देशातल्या पहिल्या थोर गोलंदाजांपैकी. पुण्यात पूना क्लबवर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायचे, नेट लावायचे, गोऱ्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. साहेबांनी त्यांना फलंदाजी कधी दिली नाही. हिंदूंच्या संघानं त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले, पण ते दलित म्हणून चहा त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर याच माणसानं शंभराहून जास्त बळी घेतले. हा इतिहास आपल्या शहरातल्या मैदानाचा आहे. म्हणून मैदानकर्मचाऱ्याचा सत्कार असेल तेव्हा ते आधी पदाधिकाऱ्यांच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसलेले असले पाहिजेत. नाव पुकारल्यावर रोलरमागून हात पुसत आणायचं आणि नारळ देऊन परत पाठवायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दिवशी रोलर दुसऱ्या कुणीतरी ओढायचा. कर्णधारानं ओढला तर उत्तम. आणि चहा सगळ्यांबरोबर, त्याच कपात.

द्यायचं काय

शाल द्या, पण सुती. आपला हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि भर दुपारी लोकरी शाल पांघरून माणूस उभा करणं हा सत्कार नव्हे. पगडी द्यायची तर डोक्याचं माप आधी घ्या. क्लबची टोपी दिली तर मला जास्त आवडेल, ती माणूस घरी गेल्यावरही घालतो. ट्रॉफ्या नकोत. ज्यांच्या घरी आधीच दोन कपाटं भरलेली आहेत त्यांच्या सुनेचा तरी विचार करा.

नंबर निवृत्त करायची बेसबॉलची पद्धत आपल्याकडं जमत नाही. क्लब क्रिकेटमध्ये शर्ट प्रायोजकाबरोबर बदलतो आणि नंबर पोरं धोनीचा नाहीतर कोहलीचा घेतात. त्यापेक्षा एखादं बक्षीस नावानं सुरू करा, आणि ते त्या माणसाच्या कामाला धरून असू द्या. आमच्या फिरकी काकांच्या नावाचं बक्षीस हंगामात सर्वाधिक निर्धाव षटकं टाकणाऱ्याला मिळतं. पहिल्या वर्षी ते कुणाला मिळालं हे ऐकायला काका स्वतः आले आणि त्या पोराच्या मनगटावर त्यांनी तिथंच शिकवणी घेतली.

हे माणूस जिवंत असताना करायचं. प्रा. दि. ब. देवधर एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून द्यायचे. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा देवधर चाळिशीचे होते. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ ला सुरू झाली, आणि १९९३ साली एकशे एकाव्या वर्षी ते गेले तोपर्यंत ती जवळजवळ वीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर खेळली गेली. गेलेल्या माणसासाठी एक मिनिट स्तब्धता पुरते. त्याच्या घरच्यांना स्कोअरबुकाची प्रत द्या, ती त्यांच्याकडं नसते.

मुलांसाठी काय? अमेरिकेत सत्काराच्या दिवशी प्रेक्षकांना खेळाडूची मान डोलावणारी बाहुली फुकट देतात. आपल्याला ते परवडायचं नाही. आम्ही नारायण पेठेतल्या छापखान्यातून पत्त्याच्या पानाएवढी कार्डं छापून घेतली. पुढं सत्कारमूर्तींचा तरुणपणीचा फोटो, मागं आकडे: सामने, बळी, झेल, सर्वोत्तम कामगिरी, नोकरी कुठं, मैदानावर कशानं यायचे. 'सायकल, खडकीहून' हे त्यावर छापलेलं आहे. सामन्यानंतर पोरं दोन पंचांच्या बदल्यात एक यष्टिरक्षक अशी अदलाबदल करत होती. पंचांना हे कळल्यावर थोडा राग आला, पण त्यांनी स्वतःची चार कार्डं मागून नेली.

प्रेक्षकही विसरू नका. १९८१ च्या एप्रिलमध्ये पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात मायनर लीगचा एक सामना, एरवी जो नऊ इनिंगचा असतो, ३२ इनिंग चालला आणि पहाटे चारनंतर थांबवला. कडाक्याची थंडी, आणि स्टँडमध्ये उरले होते फक्त १९ प्रेक्षक. सामना पुढं जूनमध्ये संपला, ३३ व्या इनिंगमध्ये, अठरा मिनिटांत. पण त्या १९ जणांना क्लबनं मैदानाचे पास देऊन टाकले. आपल्याकडंही सावलीच्या बाकावर डबा घेऊन येणारे, नातवाचा सामना नसतानाही बसणारे आजोबा असतात. त्यांना दर हंगामाला एक बाक नावानं राखून ठेवा. खर्च शून्य, फक्त खडू लागतो.

दुसऱ्या दिवशी

मानपत्राची, स्कोअरबुकाच्या पानांची आणि फोटोंची एक प्रत क्लबच्या फायलीत, एक घरच्यांना, एक साखळीच्या चिटणिसाकडं. वर्गणीचा हिशेब आठवड्याच्या आत सूचनाफलकावर, पावती क्रमांकासकट, उरलेल्या पैशांसकट. कार्डं उरली असतील तर ती माझ्याकडं द्या, स्कोअरबुकात खूण म्हणून चालतात. आणि पुढच्या वर्षीचं नाव आत्ताच ठरवा, कारण ज्यांचं वय ऐंशी आहे त्यांच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचा अधिकार कार्यकारिणीला नाही.